दुहेरी काचेच्या खिडक्यांच्या मुठी, बिजागऱ्या आणि आतील कुलपे बदलणे : माहिती हवी आहे

टेम्सकाठी

नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ राहतो. घर १९९०च्या दशकात बांधलेले असून खिडक्या पांढऱ्या यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या), दुहेरी काचेच्या आणि बाहेर उघडणाऱ्या आहेत. गेल्या दोन हिवाळ्यांत त्यांपैकी चार खिडक्यांनी एकापाठोपाठ एक कुरकुर सुरू केली आहे आणि प्रत्येकीची तक्रार निराळी आहे.

पहिली, मुलीच्या खोलीतली. तिची मूठ नव्वद अंशांऐवजी कशीही फिरते आणि खिडकी बंद झाली की नाही ते कळत नाही. दुसरी, आमच्या खोलीतली बाजूला उघडणारी खिडकी. तिचा पल्ला मुठीच्या बाजूने खाली आला असून बंद करताना खालच्या चौकटीला घासतो, त्यामुळे मी तो एका हाताने उचलून धरतो आणि दुसऱ्या हाताने मूठ फिरवतो. तिसरी, स्वयंपाकघरातली वर बिजागरी असलेली छोटी झडप, जी जराशा वाऱ्याने आपोआप मिटते. चौथी बंद होते, कुलूपही लागते, पण रात्री तिच्याजवळ बसले की गार वारा मानेला लागतो.

खिडक्या विकणाऱ्या एका संस्थेच्या प्रतिनिधीला बोलावले, तेव्हा त्याने एकही पल्ला न उघडता ‘आता या बनावटीचे सुटे भाग मिळत नाहीत, सगळ्या खिडक्या चौकटीसकट बदलाव्या लागतील’ असे सांगून आकडा दिला. काचा मात्र धुरकटलेल्या नाहीत, चौकटी सरळ आहेत आणि कोठेही तडा नाही. केवळ मुठी आणि बिजागऱ्या झिजल्या म्हणून संपूर्ण खिडकी फेकून द्यावी, हे मनाला पटत नाही. ज्यांनी हे काम स्वतः केले आहे, त्यांनी कोठून सुरुवात करावी ते सांगावे.

सुतारपक्षी

मी पूर्वी भोसरीत आणि नंतर लेस्टरमध्ये याच व्यवसायात होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ‘सुटे भाग मिळत नाहीत’ हे वाक्य क्वचितच खरे असते. खिडकीची चौकट बनवणारा कारखाना बंद पडलेला असू शकतो, पण मूठ, बिजागरी आणि आतला दांडा हे भाग त्या कारखान्याचे नसतातच. ते हार्डवेअर बनवणारे निराळे उत्पादक तयार करतात आणि त्यांची मापे बऱ्याच अंशी ठरलेली असतात. तेव्हा ब्रँडच्या नावामागे लागू नये, मापाच्या मागे लागावे. शक्य असल्यास पन्नास रुपयांच्या पट्टीऐवजी व्हर्नियर कॅलिपर वापरावा.

आता तुमच्या पहिल्या खिडकीविषयी. मुठीवरची छोटी प्लास्टिकची टोपी काढली की खाली स्क्रू दिसतात. दोन्ही काढून मूठ सरळ ओढून घ्या. मुठीच्या मागे एक चौकोनी लोखंडी कांडी असते, तिची जाडी जवळजवळ नेहमी ७ मिमी आणि स्क्रूंच्या मध्यबिंदूंमधले अंतर ४३ मिमी असते. बदलते ती कांडीची लांबी, म्हणून मुठीच्या तळापासून टोकापर्यंत ती मोजायची. लांबी १० मिमीपासून ५५ मिमीपर्यंत काहीही असू शकते. कांडी लांब निघाली तर हॅकसॉने कापता येते, पण आखूड निघाली तर ती आतल्या खाचेत पुरेशी बसत नाही आणि काही महिन्यांत त्या खाचेचे कोपरे गोल करून टाकते. म्हणून शंका असेल तेव्हा लांब कांडीची मूठ घ्यावी.

मूठ घेण्याआधी मात्र दोष मुठीचा आहे की आतल्या दांड्याचा, हे तपासले पाहिजे. खिडकी उघडी ठेवून मूठ काढा, कांडी किंवा जाड चौकोनी स्क्रू ड्रायव्हर त्या छिद्रात घाला आणि पकडीने फिरवा. पल्ल्याच्या कडेला असलेला दांडा आणि त्यावरची गोल डोक्याची बोंडे वर-खाली सहज सरकली, तर दोष मुठीचा आहे. छिद्रच फिरते आणि बोंडे जागची हलत नाहीत, असे झाले तर मधला गिअरबॉक्स गेला आहे आणि नवीन मुठीचे पैसे वाया जातील. या संपूर्ण दांड्याला एस्पॅग म्हणतात.

एस्पॅग बदलायचा झाल्यास त्याची एकूण लांबी, बोंडांच्या जागा, बोंडांची उंची आणि पट्टीच्या पृष्ठभागापासून कांडीच्या छिद्राच्या मध्यापर्यंतचे अंतर ही सगळी मापे जुळली पाहिजेत. शेवटचे अंतर बहुधा २० किंवा २२ मिमी असते आणि तेच मोजायला लोक विसरतात. ते २ मिमीने चुकले की मुठीचे छिद्र आणि गिअरबॉक्सचे छिद्र समोरासमोर येत नाहीत, मग कोणी तरी ड्रिल हातात घेतो आणि खिडकीची वाट लावतो.

गिअरबॉक्स खिडकी *बंद असताना* तुटला तर काम फार त्रासाचे होते. तो अजून उघड-मीट करतो आहे तोवर हे काम उरकून घ्या.

अवजारपेटी

सुतारपक्षी यांनी एस्पॅग मुठींविषयी लिहिले आहे. जुन्या घरांत कधी कधी त्याआधीच्या पद्धतीची मूठ सापडते, जिच्या पुढच्या टोकाला चोचीसारखा भाग असतो आणि तो चौकटीवरच्या तिरक्या तुकड्यात अडकतो. तिच्या बाबतीत कांडी नसते, तळापासून चोचीच्या खालच्या बाजूपर्यंतची उंची मोजावी लागते. ही साधारणपणे ९ ते २१ मिमी असते. याशिवाय वाकड्या मुठीला डावे-उजवे असते, सरळ मुठीला नसते. मी स्वतः चार डाव्या मुठींची मागणी केली होती आणि घरात हव्या होत्या उजव्या.

मुक्ता_के

मला दुसऱ्या खिडकीविषयी विचारायचे आहे, कारण आमच्याकडेही हेच आहे. पल्ला खाली आला म्हणजे बिजागरीच गेली, असेच समजायचे ना?

सुतारपक्षी

नाही, आणि याच समजुतीपायी सर्वांत जास्त चुकीच्या बिजागऱ्या विकल्या जातात.

बाजूला उघडणाऱ्या पल्ल्याचा भार वर आणि खाली बसवलेल्या दोन सरकत्या बिजागऱ्यांवर असतो, ज्यांना आपल्याकडचे कारागीर फ्रिक्शन स्टे म्हणतात. पण यूपीव्हीसीचा पल्ला ही पोकळ प्लास्टिकची चौकट आहे. तिला ताठपणा तिच्यातल्या काचेमुळे येतो. काच बसवताना बिजागरीच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात आणि मुठीच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात प्लास्टिकचे पॅकर, म्हणजे फटीत घालायचे चपटे तुकडे, ठोकून बसवतात. त्यामुळे वजन काचेतून तिरके उतरून खालच्या बिजागरीवर जाते आणि मुठीची बाजू वर टेकून राहते. जुन्या फळीच्या दाराला मागून मारलेली तिरकी पट्टी आठवा, येथे ते काम काच करते. यातला एखादा पॅकर वर्षानुवर्षांच्या आपटण्याने निसटला, की पल्ला चौकोन न राहता किंचित कलतो आणि मुठीची बाजू खाली येते. अशा वेळी बिजागरी नवी घातली तरी पल्ला तसाच घासणार.

ओळखायचे कसे? खिडकी अर्धी उघडा आणि मुठीच्या बाजूचा खालचा कोपरा हलकेच वर उचला. बिजागरीच्या रिव्हेटांजवळ नजर ठेवा. तेथे खडखड किंवा हालचाल दिसली तर बिजागरी झिजली आहे. बिजागरी घट्ट असेल तर टेपने पल्ल्याचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर दोष पॅकरचा आहे आणि दुरुस्तीचा खर्च जवळजवळ शून्य आहे.

श्री_श्टुटगार्ट

जर्मनीतल्या वाचकांसाठी थोडे. येथे खिडक्या आत उघडतात आणि मूठ वर केली की वरून आत कलतात, त्यामुळे फ्रिक्शन स्टे हा प्रकार नाही, पल्ल्याभोवती फिरणारी एकच मोठी यंत्रणा असते. मुठीची मापे मात्र तीच, ७ मिमी कांडी आणि ४३ मिमी अंतर. ती डीआयएन १८२६७ या मानकात बसतात. मुठीखालचा झाकणपत्रा किंचित ओढून नव्वद अंशांत फिरवला की स्क्रू दिसतात. बोंडे बहुतेक वेळा थोडी विकेंद्री, म्हणजे आसापासून किंचित बाजूला असतात. ती ॲलन किल्लीने फिरवून पल्ला चौकटीवर अधिक घट्ट दाबून घेता येतो. भाड्याच्या घरात असाल तर हात लावण्याआधी करार वाचावा, कारण छोट्या दुरुस्त्यांचे कलम असल्यास त्यात खिडकीच्या कड्या-मुठी येतात, संपूर्ण यंत्रणा मात्र घरमालकाची जबाबदारी असते.

टेम्सकाठी

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी चारही खिडक्या तपासल्या. मुलीच्या खोलीत कांडी फिरवल्यावर बोंडे सुरळीत सरकली, म्हणजे मूठच गेली आहे. कांडीची लांबी ४० मिमी भरली. आमच्या खोलीतल्या पल्ल्याचे कर्ण मोजले, तर एक दुसऱ्यापेक्षा ५ मिमीने मोठा आहे! बिजागऱ्यांमध्ये थोडी हालचाल आहे, पण फारशी नाही.

स्वयंपाकघरातल्या झडपेच्या बिजागऱ्या मात्र गंजून अगदी सैल झाल्या आहेत. तेथे नव्या बिजागऱ्या लावायच्या असतील तर कोणती मापे घ्यावीत? संकेतस्थळावर लांबी इंचांत आणि जाडी मिलिमीटरमध्ये दिली आहे, त्यामुळे गोंधळ होतो आहे.

सुतारपक्षी

लांबी म्हणजे चौकटीवर बसणाऱ्या पट्टीची लांबी. ती ८, १०, १२, १६, २० किंवा २४ इंच यांपैकी एक निघेल. जाडी म्हणजे बिजागरी पूर्ण मिटल्यावर पट्टीच्या तळापासून वरच्या पात्यापर्यंतची उंची, ती १३ किंवा १७ मिमी असते. तिसरी गोष्ट म्हणजे झडप वर टांगलेली आहे की पल्ला बाजूला उघडतो. दोघांच्या बिजागऱ्या दिसायला बहिणी-बहिणी असल्या तरी आतली भूमिती निराळी असते, एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

आणखी एक सूचना, विशेषतः झोपण्याच्या खोल्यांसाठी. काही बिजागऱ्या पल्ला पूर्ण नव्वद अंशांत उघडून बाजूला करतात, जेणेकरून आग लागल्यास खिडकीतून बाहेर पडता यावे. इंग्लंडच्या बांधकाम नियमांनुसार सुटकेच्या खिडकीचा मोकळा भाग किमान ०.३३ चौरस मीटर, रुंदी आणि उंची दोन्ही किमान ४५० मिमी आणि उघडणाऱ्या भागाची खालची कडा जमिनीपासून १,१०० मिमीपेक्षा वर नसावी लागते. काच बाहेरून पुसता यावी म्हणून पल्ला मध्यभागी सरकवणारी बिजागरी याच खिडकीला बसवली तर मोकळी जागा घटते. जुनी कोणती होती ते पाहूनच नवी घ्या.

रत्नांग्रीकर

विषय इंग्लंडचा असला तरी गंजाविषयी राहवत नाही. आमचे घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. आठ वर्षांपूर्वी यूपीव्हीसीच्या खिडक्या बसवल्या तेव्हा ‘सगळे स्टेनलेस स्टील आहे’ असे सांगण्यात आले होते. तिसऱ्या पावसाळ्यानंतर बिजागऱ्यांवर तांबूस डाग आले. नंतर कळले की स्वस्त बिजागऱ्या ४३० दर्जाच्या पोलादाच्या असतात, ज्याला चुंबक चिकटतो आणि ज्याला खारा वारा सोसत नाही. किनाऱ्यावर किमान ३०४, शक्य असल्यास ३१६ दर्जाचे मागावे. दुकानात जाताना खिशात चुंबक ठेवावा. तो घट्ट चिकटला तर दुकानदाराचे पुढचे भाषण ऐकू नये.

याशिवाय चौकटीच्या खालच्या बाजूला पाणी जाण्यासाठी छोट्या खाचा असतात. त्यांत धूळ आणि पतंगांचे पंख अडकले की पाणी आत साठते आणि खालचे लोखंडी सामान त्यातच भिजत राहते.

टेम्सकाठी

माझी फजिती सांगतो. झडपेच्या बिजागऱ्या आल्या, जुन्या काढल्या, नव्या बसवल्या आणि झडप चौकटीत शिरेना. पुन्हा मोजले, तर मी १३ऐवजी १७ मिमीच्या मागवल्या होत्या. दोन्ही बाजूंना ४-४ मिमी, म्हणजे एकूण ८ मिमीने झडप रुंद झाल्यासारखी झाली होती. बाहेर पाऊस, ओट्यावर झडप आणि सौभाग्यवतींचा चेहरा! शेवटी जुन्याच बिजागऱ्या परत लावल्या, त्याही गडबडीत उलट्या, आणि रात्रभर खिडकीला दोरी बांधून ठेवली. जुनी बिजागरी पूर्ण मिटवून न मोजता अर्धवट उघडी असताना मोजली, ही माझी चूक.

अवजारपेटी

ही चूक करणारे तुम्ही एकटे नाही. दुसऱ्यांदा करताना तीन गोष्टी पाळा. काढण्याआधी छायाचित्र घ्या आणि जुन्या पट्टीच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढा. एका वेळी एकच बिजागरी काढा. आणि पल्ला मोठा असेल तर दुसरा माणूस हवाच. काचेचे वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीमागे २.५ किलो धरतात. ४ मिमीच्या दोन काचा म्हणजे चौरस मीटरला २० किलो. ६०० मिमी रुंद आणि १ मीटर उंच पल्ल्यात नुसती काचच १२ किलोच्या आसपास भरते, चौकट वेगळी. वरच्या मजल्यावर हे वजन हातातून सुटले तर खाली कोण उभे आहे, याचा विचार आधीच करावा.

मुक्ता_के

नव्या बिजागरीची छिद्रे जुन्या छिद्रांशी जुळत नसतील तर काय करावे? आमच्याकडे नवे छिद्र जुन्याच्या इतके जवळ आले की स्क्रू घसरून जुन्यातच गेला आणि पकड राहिली नाही.

सुतारपक्षी

पहिला उपाय म्हणजे छिद्रांची रचना जुळणारी बिजागरी शोधणे. ते शक्य नसेल तर ४.३ मिमीच्या स्क्रूऐवजी ४.८ मिमीचा वापरावा. तो सैल झालेल्या छिद्रात पुन्हा पकड घेतो. काड्यापेटीची काडी आणि डिंक हा लाकडातला उपाय येथे चालत नाही, प्लास्टिक लाकडासारखे फुगत नाही. विजेच्या यंत्राने स्क्रू पिळू नये, शेवटचे दोन फेरे हातानेच द्यावेत.

अवजारपेटी

वंगणाबद्दल माझा अनुभव सांगतो. मी दर दिवाळीला सगळ्या बिजागऱ्यांवर डब्ल्यूडी-४० फवारतो आणि त्या छान चालतात.

सुतारपक्षी

येथे मी असहमत आहे. तो फवारा गंज सुटा करायला आणि मळ काढायला उत्तम आहे, पण तो लवकर उडून जातो आणि मागे राहिलेल्या ओलसर थरावर धूळ चिकटते. सरकत्या बिजागरीच्या नावातच घर्षण आहे. तिच्या आतला सरकणारा ठोकळा पट्टीला घासतो म्हणून तर पल्ला हव्या त्या कोनात थांबतो. तेथे तेल ओतले तर टेम्सकाठी यांच्या झडपेसारखी खिडकी वाऱ्यासोबत डोलू लागते. पट्टी कोरड्या फडक्याने पुसावी, तेलाचा एकेक थेंब फक्त रिव्हेटांवर द्यावा आणि एस्पॅगच्या बोंडांना व गिअरबॉक्सला हलके मशीन ऑइल द्यावे. बिजागरी चांगली असून पल्ला थांबत नसेल तर त्या ठोकळ्यावर असलेला स्क्रू पाव-पाव फेरा आवळून पाहावा, मात्र दोन्ही बाजूंना सारखाच, नाहीतर झडप तिरकी मिटते.

अवजारपेटी

मान्य. आमच्या पाहुण्यांच्या खोलीतली खिडकी वाऱ्याने का मिटते, त्याचे उत्तर मला मिळाले.

टेम्सकाठी

आता चौथ्या खिडकीबद्दल विचारतो, ती बंद होते पण वारा येतो. सगळी रबरपट्टी बदलावी काय?

सुतारपक्षी

वारा कोणत्या बाजूने येतो ते आधी पाहा. पल्ला आणि चौकट यांच्यात कागदाची पट्टी धरून खिडकी बंद करा आणि कागद ओढा. चहूबाजूंनी दर वीतभर अंतरावर हे करा. कागद मुठीच्या बाजूला सहज निघाला, तर बोंडे आणि ती ज्यांत अडकतात ते चौकटीवरचे तुकडे यांची पकड ढिली आहे. ती फिरवून किंवा सरकवून घट्ट करता येतात. बिजागरीच्या बाजूला सहज निघाला तर मुठीशी कितीही झगडून उपयोग नाही, कारण त्या बाजूला पल्ला आत ओढण्याचे काम बिजागरीचे टोक करते आणि ते झिजले की फट राहते. चारही बाजूंना थोडा थोडा सैल असेल तरच रबरपट्टीला दोष द्यावा.

पट्टी बदलायची असेल तर जुनीचा पाच सेंटिमीटरचा तुकडा कापून त्याच्या कापलेल्या बाजूचे छायाचित्र विक्रेत्याला पाठवा, कारण तिचे आकार असंख्य आहेत. नवी बसवताना ओढून बसवू नये. ताणलेली पट्टी हिवाळ्यात आखडते आणि नेमक्या कोपऱ्यांत फटी पडतात. प्रत्येक बाजू काही मिलिमीटर जास्त लांब कापून आत दाबत जावी.

टेम्सकाठी

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. कागद बिजागरीच्या बाजूलाच सुटत होता, त्यामुळे चौथ्या खिडकीला १६ इंची, १३ मिमीच्या नव्या बिजागऱ्या लावल्या आणि वारा थांबला. रबरपट्टीला हात लावावा लागला नाही. झडपेलाही योग्य मापाच्या बिजागऱ्या बसल्या. मुलीच्या खोलीत नवी किल्लीची मूठ लावायला दहा मिनिटे लागली.

सर्वांत जास्त भीती पॅकरच्या कामाची होती. खोली आधी गरम करून घेतली, कारण थंडीत काचेभोवतीच्या प्लास्टिकच्या पट्ट्या ठिसूळ होतात. पुट्टी लावायच्या बोथट पात्याने सर्वांत लांब पट्टी मध्यापासून सोडवली, मग बाकीच्या, आणि प्रत्येकीमागे पेन्सिलने तिची बाजू लिहून ठेवली. काच पत्नीने धरली. मुठीच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यातला पॅकर खरोखरच निसटून तळाशी पडलेला होता! तेथे चपट्या पहारीने पल्ला हलकेच उचलून आधी ३ मिमीचा पॅकर घातला, पण तेवढ्याने घासणे थांबेना, म्हणून आणखी २ मिमीचा घातला. त्यानंतर दोन्ही कर्ण सारखे भरले आणि पल्ला एका बोटाने बंद झाला. या खिडकीच्या बिजागऱ्या तूर्त बदललेल्या नाहीत.

एकच शंका उरली आहे. मुलीच्या खोलीतल्या मुठीला किल्ली आहे, पण ती लावून ठेवली तर आगीच्या वेळी खिडकी उघडणार कशी? आणि न लावावी तर मुलगी चार वर्षांची आहे.

मुक्ता_के

आम्ही किल्लीवर अवलंबून राहिलो नाही. पल्ला १०० मिमीपेक्षा जास्त उघडू न देणारा अडथळा बसवला आहे, जो मोठ्या माणसाला किल्लीशिवाय, दोन ठिकाणी एकदम दाबून सोडवता येतो. मूठ बिनकिल्लीची असल्यासारखी वापरायची आणि मुठीची किल्ली खिडकीजवळच, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर खिळ्याला टांगायची. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाकडून तो अडथळा एकदा अंधारात सोडवून घ्या. आमच्या सासूबाईंना पहिल्या दिवशी जमला नव्हता, म्हणून आम्ही दुसऱ्या प्रकारचा आणला.

टेम्सकाठी

उत्तम सूचना. तसाच मागवतो. पोटमाळ्यावर छतातली एक खिडकी आहे, तिची बिजागरी मध्यभागी आहे आणि तीही आता कुरकुरते आहे. पण तिची मापे घेऊन झाली की तिच्यासाठी वेगळा धागा काढतो. या वेळी पूर्ण मिटवून मोजेन.